प्रत्यक्ष येणे आवश्यक

“अंगठा लावा,” मी म्हणालो.

म्हाताऱ्यानं अंगठा लावला. यंत्रावर लाल दिवा लागला.

“पुसून लावा.”

त्यानं अंगठा सदऱ्याला पुसला, यंत्रही पुसलं आणि पुन्हा लावला. लाल.

“डावा लावा.”

“पैल्यांदाच सांगायचं न्हाई व्हय. कोर्टात डावाच घेत्यात.”

डावाही लाल. मग तर्जनी, मधलं, करंगळी. दहा बोटं झाली तरी यंत्राच्या मते गोपाळ नांदवडेकर, वय अडुसष्ट, राहणार उंबरकोंड, तालुका चंदगड, ही व्यक्ती खुर्चीत नव्हती. रांगेत कुणीतरी खोकलं.

“झालं?” म्हाताऱ्याच्या मागं उभी असलेली त्याची मुलगी म्हणाली. “का आता चपला काढायला लावताय?”

“तुमचा लावा. जवळच्या नातेवाइकाचा चालतो.”

ती हसली. मग तिनं दोन्ही हात माझ्यापुढं धरले. बोटांची टोकं काळपट होती आणि काचेसारखी गुळगुळीत.

“माझा तर मुळीच न्हाई उमटायचा. मी काजू फोडते साहेब. बाबांनी तीस वर्षं काजू उकडले. टरफलातलं तेल कातडं खातंय. आमच्या कारखान्यात चाळीस बायका हाईत, एकीच्या बोटावर रेघ न्हाई. चोऱ्या केल्या तर कुणी सापडायची न्हाई.”

चंदगड भागात काजूचे कारखाने आहेत हे पुण्यात बसून अंगठ्याची यंत्रं मागवणाऱ्या माणसाला ठाऊक असायला हवं होतं. तो माणूस मीच.

“मग आता?” तिनं विचारलं.

मी एका रकान्यात ‘अपवाद’ असं लिहिलं. त्याच्या खाली रकाना होता, ‘रुग्णाने प्रत्यक्ष येणे आवश्यक’. तिथं ‘हो’ केलं. ओळख पटवायला तेव्हा दुसरा मार्गच नव्हता. इथपर्यंत मी निर्दोष आहे.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. गडहिंग्लजच्या हत्तरगी धर्मादाय रुग्णालयात साखरेचे आणि रक्तदाबाचे नऊशे रुग्ण दर महिन्याला येत. पहाटे उठून, दोन गाड्या बदलून, दिवसाचा खाडा करून यायचं आणि डॉक्टरांकडून “बरं आहे, त्याच गोळ्या चालू ठेवा” एवढं ऐकून परत जायचं. माझ्या कंपनीची योजना अशी की गावातच आशाताईंनी साखर आणि दाब मोजावा, आकडे फोनवर भरावेत, ते क्लाउडवर जावेत आणि डॉक्टरांनी इथं बसून बघावेत. क्लाउड म्हणजे हैदराबादेकडे कुठंतरी एका थंडगार शेडमध्ये ठेवलेली यंत्रं. ती मीही कधी पाहिली नाहीत. ज्याचे आकडे बिघडतील त्यालाच बोलवायचं. रुग्णाचं भाडं वाचतं, मजुरी वाचते, रुग्णालयाचा खर्च निम्म्यावर येतो, आणि खरंच आजारी असलेल्या माणसाला डॉक्टरांचा वेळ मिळतो. कल्पना चांगली होती. आजही चांगली आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्यात कल्पनेचा काहीही दोष नाही.

उंबरकोंडची तारीख सात. दर सात तारखेला बापलेक साडेदहाच्या सुमारास यायचे. मी ओळख पटवायचो. म्हणजे दोघांच्या तोंडाकडं बघायचो आणि ‘पटली’ असं लिहायचो. याला दहा सेकंद लागतात. मी अर्धा तास लावायचो.

त्या अर्ध्या तासात मला कळलं की तिचं नाव शालन, वय चौतीस, आणि ती कशालाच बिचकत नाही. लग्न झालं नव्हतं. का, ते आमच्या फॉर्ममध्ये विचारत नाहीत, त्यामुळे मीही विचारलं नाही. मी तेव्हा छत्तीसचा होतो, एकटा होतो, आणि गडहिंग्लजमध्ये मेसचा डबा व लॉजची खोली यांच्या मधोमध राहत होतो. खिडकीवरचे सगळे तिला ‘शालनताई’ म्हणत. मी ताई म्हणायचं कटाक्षानं टाळलं. नुसतं ‘शालन’ म्हणायची छाती नव्हती. म्हणून “अहो नांदवडेकर” अशी हाक मारायचो आणि बापलेक दोघं एकदम वळायचे.

“एकाला काहीतरी वेगळं नाव ठेवा साहेब,” ती एकदा म्हणाली. “बाबांची मान दुखते.”

“तुम्ही मला साहेब म्हणता, ते तरी कुठं बरोबर आहे?”

“मग काय म्हणू? उकिडवे? ते नाव घेताना उकिडवं बसल्यासारखं वाटतंय.”

म्हातारा गदगदून हसला. हसताना त्याचा दाब मोजला तर वीसनं जास्त आला. मी पुन्हा मोजायला लावला. तेवढीच पाच मिनिटं.

जानेवारीत कंपनीनं अंगठ्याची यंत्रं परत मागवली. आता रुग्णाच्या फोनवर चार आकडे येणार, ते सांगितले की ओळख पटली. बोटांवर रेघा असोत-नसोत. म्हणजे अपवाद संपले. डॉ. कित्तूर मॅडमनी दर महिन्याच्या पाच तारखेला यादी घेऊन बसायचं आणि प्रत्येक नावापुढं ‘प्रत्यक्ष येणे आवश्यक’ला ‘हो’ किंवा ‘नाही’ करायचं, असं ठरलं. फेब्रुवारीत त्यांनी गोपाळ नांदवडेकरांपुढं ‘नाही’ केलं. साखर आटोक्यात, दाब आटोक्यात, पायाला जखम नाही. म्हाताऱ्याला यायची काही गरज नव्हती.

सहा तारखेला मी सगळी यादी तपासत होतो. सगळ्या चाव्या, म्हणजे पासवर्ड, माझ्याकडेच होत्या, यंत्रणा मीच बसवली होती. नांदवडेकरांच्या नावावर आलो, ‘नाही’ पाहिलं, आणि त्याचं ‘हो’ केलं. एक बटण दाबायला कितीसा वेळ लागतो?

सात तारखेला ते आले.

मार्चमध्ये मॅडमनी ‘नाही’ केलं, मी ‘हो’ केलं. एप्रिलमध्येही तेच. बाकी उंबरकोंडची तेवीस माणसं घरी बसून साखर मोजून घेऊ लागली. रुग्णालयातले बाक रिकामे पडायला लागले. कँटीनवाला माझ्याकडं दात-ओठ खाऊन बघू लागला. फक्त सात तारखेला त्या लांबलचक बाकावर म्हातारा एका टोकाला टेकून बसलेला असायचा आणि शालन उभी.

“आशाताई सगळ्यांच्या दारात येते,” मे महिन्यात ती म्हणाली. “आमच्या दारावरनं सरळ पुढं जाते. म्हणते, तुमचं वरनं ‘हो’ येतंय.”

“अपवाद आहे ना तुमचा.”

“अपवाद म्हंजे?”

“म्हणजे... विशेष.”

“ऐकलंत बाबा? तुम्ही विशेष.”

“मग यष्टीत बसायला जागा द्या म्हणावं,” म्हातारा म्हणाला. त्याचा चेहरा उतरलेला होता. चंदगडच्या वळणांवर त्याला मळमळायचं. हातात पिशवी धरूनच तो गाडीत बसायचा, हे मला माहीत होतं. त्या दिवशी मी त्याची खुर्ची पंख्याखाली घेतली आणि लिंबू सरबत मागवलं. याला मी त्या काळात माणुसकी समजत होतो.

ऑगस्टच्या सात तारखेला ट्रस्टची बैठक ठेवली गेली. योजना आणखी साठ गावांत न्यायची की इथंच गुंडाळायची, ते त्या दिवशी ठरणार होतं. मी पडद्यावर नकाशा लावला. प्रत्येक रुग्ण म्हणजे एक ठिपका. ज्याच्या फेऱ्या वाचल्या तो हिरवा, ज्याला उगाच यावं लागतं तो लाल. ही रंगांची कल्पना माझीच, आणि मला तिचा अभिमान होता. मॅडम आकडे सांगत होत्या, विश्वस्त माना हलवत होते, नकाशा हिरवागार दिसत होता. एकच ठिपका लाल. तो मी नकाशा थोडा खाली सरकवून कडेला घालवला होता.

“हे सगळं झालं कागदावरचं,” अध्यक्ष अण्णासाहेब हत्तरगी म्हणाले. “एखादा पेशंट आणा की समोर. त्याच्या तोंडून ऐकू दे.”

मॅडमनी शिपायाला पिटाळलं. शिपाई बाहेर जाऊन आला. अख्ख्या ओपीडीत त्या वेळी साखरेचा एकच रुग्ण होता. बाकीचे माझ्या योजनेमुळं घरी होते. हा एक माझ्यामुळं आलेला.

गोपाळ नांदवडेकर आत आले, मागं शालन. अण्णासाहेबांनी त्यांना खुर्ची दिली.

“काय आजोबा, फायदा झाला का नाही योजनेचा?”

“गावाला झाला की. लई झाला.”

“आणि तुम्हाला?”

“आमी विशेष हाय,” म्हातारा अभिमानानं म्हणाला.

अण्णासाहेबांनी मॅडमकडं पाहिलं. मॅडमनी माझ्याकडं. मग त्यांनी नकाशा स्वतःच वर सरकवला, उंबरकोंडवर आणला आणि लाल ठिपक्यावर टिचकी मारली.

आमच्या यंत्रणेची एक खासियत होती. कोणता बदल कुणी केला, कधी केला, हे ती कायम लक्षात ठेवायची. कुणाला पुसता येऊ नये अशी व्यवस्था होती. तीही मीच करून दिली होती, आणि निविदेत त्याबद्दल आम्हाला जादा गुण मिळाले होते. पडद्यावर, फूटभर उंच अक्षरांत, ओळी उमटल्या:

डॉ. कित्तूर: नाही.
उकिडवे: हो.
डॉ. कित्तूर: नाही.
उकिडवे: हो.

अशा सात जोड्या. पुढं तारखा.

“हे काय भांडण चाललंय?” अण्णासाहेबांनी विचारलं.

कुणी हसलं नाही. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा शालनकडं, आणि त्यांना सगळं समजलं. वीस वर्षं नाडी बघणारं माणूस ते.

“तांत्रिक आहे अण्णासाहेब,” त्या म्हणाल्या. “उकिडवे आजच दुरुस्त करतील.”

“मग करा की. त्यात काय एवढं!”

योजना मंजूर झाली. टाळ्या वाजल्या. सर्वांत जोरात म्हाताऱ्यानं वाजवल्या.

बैठक सुटल्यावर म्हातारा कँटीनला गेला. मॅडमनी त्याला ट्रस्टतर्फे जेवण सांगितलं होतं. शालन माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. खुर्ची दिली तर बसली नाही.

“सात वेळा,” ती म्हणाली.

“हो.”

“त्यातल्या चार बारी बाबा ओकले. मार्चला काजूचा हंगाम सुरू होता. खाडा झाला म्हणून मुकादम मला काढायला निघालेला.”

“मला माहीत नव्हतं.”

“एवढं सगळं ठेवता त्या मशिनीत, ते न्हाई ठेवलं?”

मी टेबलाकडं बघत राहिलो.

“कशापायी केलंत?”

तिला कळलेलं होतं. तरी तिला ते माझ्या तोंडून हवं होतं, आणि ते तिचं रास्तच होतं.

“तुम्ही याल म्हणून,” मी म्हणालो.

बाहेर शिपाई खुर्च्या आवरत होता.

“विचारलं असतंत तर आले असते,” ती म्हणाली. “रविवारी. एकटी. त्या माणसाला कशाला गाडीत घातलंत?”

एक वाक्य मनात तयार झालं होतं. सहा-सात शब्दांचं, साधं. ते तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मी ते मनातल्या मनात दुरुस्त करत बसलो, आणि तेवढ्यात ती म्हणाली,

“आधी ते ‘नाही’ करा. माझ्यासमोर.”

मी यादी उघडली. ‘हो’चं ‘नाही’ केलं. तिनं वाकून, नीट वाचून खात्री केली.

“आता साखर कोण मोजणार?”

“आशाताई. किंवा तुम्ही. यंत्र सोपं आहे, आकडे त्यांच्या फोनवर भरायचे, दाखवतील त्या.”

“मीच मोजते. कामावर जायच्या आधी. आणि भरलेलं कोण बघतं?”

“मॅडम बघतात.” मी थांबलो. “मीही बघतो.”

“सगळं?”

“सगळं.”

“बघा मग,” ती म्हणाली.

म्हातारा जेवून, तोंड पुसत आला. “झालं व्हय गं? फुडच्या म्हैन्याला सातच का?”

“आता यायचं न्हाई बाबा.”

“का? बरा झालो?”

“व्हय. बरे झालात.”

“आन् साहेबास्नी कोण भेटायचं?” म्हातारा म्हणाला.

त्याच संध्याकाळी मी मॅडमकडं गेलो आणि रुग्णांच्या नोंदी बदलायच्या सगळ्या चाव्या त्यांच्या हवाली करतो म्हणालो. त्या म्हणाल्या, “द्या. पण त्याआधी एक काम करा. तो शेवटचा रकाना माझ्यासमोरून घालवा.”

गावातून आकडे भरायच्या फॉर्मच्या तळाशी एक चौकट होती, ‘रुग्णाचे म्हणणे’. लोक तिच्यात वाटेल ते लिहीत. म्हैस आटली, सून ऐकत नाही, छप्पर गळतंय. मॅडमना एका रुग्णामागं चाळीस सेकंद मिळत आणि त्यातली अठरा म्हशीवर जात. मी तो रकाना डॉक्टरांच्या पडद्यावरून काढला. आशाताईंच्या फोनवरून काढायचा तर नव्वद फोन गोळा करावे लागले असते, म्हणून तिथं तो तसाच राहिला. वार्षिक अहवालात ‘प्रतिरुग्ण अठरा सेकंदांची बचत’ असं एक वाक्य आहे. ते माझं. मग मी चाव्या दिल्या. त्यानंतर जो पडदा मॅडमना दिसायचा, तोच मलाही दिसायचा.

आणि मी रोज बघत होतो. सात तारखेला तर सकाळी पावणेसातलाच येऊन बसायचो. सात दहाला उंबरकोंडहून आकडे यायचे. साखर एकशे अठ्ठावीस. दाब एकशे चौतीस, ब्याऐंशी. भरणारी व्यक्ती: मुलगी. त्या आकड्यांवरून मी तिच्या घरातलं सगळं ताडायचो. एकशे चाळीस म्हणजे घरात सण झाला. सात दहाऐवजी सात पंचवीस म्हणजे हिला आज उशीर झाला, मुकादम बोलणार. मी तिला बोलावलं नाही. एकदा खोटं बोलावल्यावर खरं कुठल्या तोंडानं बोलवायचं, असं वाटायचं. तिनं यावं असं वाटायचं. तिला काही म्हणायचं असलं तर ती म्हणेल, ती काही कशाला बिचकत नाही, असा मी हिशेब केला होता.

दोन वर्षांनी मी पुण्याला परतलो. योजना साठ गावांत गेली, मग दोनशे. बक्षिसं मिळाली. उंबरकोंडचं ते खातं त्यानंतर अडीच वर्षांनी बंद झालं. कारणाच्या जागी ‘निधन’ असं होतं. हे मला फार पुढं कळलं.

गेल्या वर्षी रुग्णालयाच्या सगळ्या नोंदी दुसऱ्या कंपनीकडं हलवायच्या ठरल्या. यंत्रणेचं पोट माहीत असलेला जुना माणूस म्हणून मला आठवडाभर चाव्या मिळाल्या. तिसऱ्या दिवशी नव्या कंपनीच्या तेजस्विनी जंगम यांचा फोन आला.

“सर, एक रकाना सापडलाय, कुठल्याच पडद्यावर दिसत नाही. साठ हजार नोंदी आहेत. उगाच जागेचं भाडं भरतोय आपण. उडवू?”

“बघून सांगतो,” मी म्हणालो.

मी तो उघडला. उंबरकोंड काढलं. नांदवडेकर काढलं.

सप्टेंबर: “काही नाही.”

ऑक्टोबर: “बाबांना फेरी चुकल्यासारखं वाटतं. सरबताची आठवण काढतात.”

नोव्हेंबर: “थेट गडहिंग्लज गाडी सुरू झाली. मधे बदलावी लागत नाही.”

डिसेंबर: “काही नाही.”

जानेवारी: “सगळं बघतो म्हणाला होतात.”

फेब्रुवारी: “रागवायचं तेवढं रागावून झालं. बघत असाल तर पुढच्या महिन्यात ‘हो’ करा. मी एकटी येईन.”

मार्च: “काही नाही.”

त्याच्या पुढं जितके महिने म्हातारा जगला, तितके महिने “काही नाही.”

त्या मार्चच्या सात तारखेला मी कुठं होतो ते मला पक्कं आठवतं. गडहिंग्लजला, माझ्या खोलीत, पडद्यासमोर. सात दहाला आकडे आले. साखर एकशे एकतीस. म्हटलं, छान चाललंय, आणि मी चहाला गेलो.